न वाचणाऱ्या मुलास कोणते पुस्तक द्यावे?



"मुलगा हुशार आहे हो गुरुजी, पण पुस्तक म्हटले की त्याच्या कपाळास आठी पडते," हे वाक्य शिक्षकाच्या पेशात ज्याने उमेदीची वर्षे घालविली त्याने किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. असे म्हणणारे पालक मग स्वतःच एखादा उपाय योजतात. तालुक्याच्या बाजारास गेले असता थोर पुरुषाचे एक जाडजूड चरित्र विकत आणतात, मुलाच्या हाती देतात, आणि "रोज दहा पाने वाचलीच पाहिजेत" अशी ताकीद देतात. चार दिवसांनी ते चरित्र घडवंचीवर, अंथरुणांच्या खाली जाते. पालक म्हणतात, पाहा, आणून दिले तरी वाचीत नाही. मुलाच्या मनात मात्र पुस्तक आणि शिक्षा यांची सांगड आणखी घट्ट बसते.

मी बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा या सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या गावचा रहिवासी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा वाङ्मयशास्त्राच्या अंगाने बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु बारा ते सोळा वर्षे वयाची मुले काय वाचतात, काय टाकून देतात, आणि एकदा टाकून दिल्यावर पुन्हा कशाने वळतात, हे जवळून पाहण्याचा योग मला पुष्कळ आला. त्याविषयीच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, "वाचीत नाही" या दोन शब्दांत दोन निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि आपण दोहोंस एकच औषध देतो. एका मुलास वाचता येते, पण वाचावेसे वाटत नाही. दुसऱ्यास वाचावेसे वाटेल की नाही हा प्रश्न पुढचा. त्यास एक ओळ ओलांडावयासच अर्धा मिनिट लागतो, आणि ही गोष्ट तो मोठ्या शिताफीने लपवितो. वर्गात वाचनाची पाळी आली की त्याचा घसा बसतो, चष्मा घरी राहतो, पोटात दुखू लागते. आठवीत अशी मुले असतात, नववीतही असतात. ही पारख करण्यास परीक्षा नको. बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर त्यास सहज वाचावयास सांगावा, म्हणजे दुखणे कोणते ते कळते. अशा मुलास जाड ग्रंथ देणे म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसास शेगावच्या पायी वारीस धाडण्यासारखेच होय. त्याच वेळी, त्यास सोपे जावे म्हणून चिमणा-चिमणीच्या मोठ्या अक्षरांच्या गोष्टी द्याव्यात, तर ओठांवर मिसरूड फुटू लागलेल्या त्या मुलाचा तो अपमान होतो. भाषा सोपी आणि विषय त्याच्या वयाचा, असे पुस्तक त्यास हवे असते. आणि खरी अडचण येथेच आहे.

कारण मराठीत लहान मुलांसाठी पुष्कळ लिहिले गेले आणि थोरांसाठी त्याहून पुष्कळ. मधला पट्टा फार दिवस कोरडाच होता. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले. ही कामे थोर खरीच. पण मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याने 'आनंद' मिटावा आणि एकदम हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या उघडाव्यात अशी अपेक्षा असे. ज्यांना ती उडी साधली ते वाचक झाले. ज्यांना साधली नाही त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

ह्या वयाविषयी इतकी काळजी का करावी, असे कोणी विचारील. आमच्याकडील मुले दहावीनंतर पांगतात. कोणी शेतात उतरतो, कोणी सुरतेस वा पुण्यास कारखान्यात जातो, मुलींची लग्ने ठरतात. त्यापूर्वी जर स्वतःच्या मर्जीने, कोणी न सांगता, एक पुस्तक शेवटपर्यंत वाचले गेले नाही, तर पुढे ते वाचले जाण्याचा संभव फार थोडा. आणि न वाचण्याची किंमत गोष्टीच्या पुस्तकापुरती राहत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती, ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु औषधाच्या डब्यासोबत येणारा बारीक अक्षरांचा कागद, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा करारनामा, ही सगळी कंटाळवाणी अक्षरे धीराने अखेरपर्यंत वाचण्याची सवय कोठून यावयाची? ती आधी गोड अक्षरांवरच लागते. म्हणून गोष्टीच्या पुस्तकास मी चैन समजत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. पुस्तक निवडावे कसे? "तुला काय वाचावयास आवडेल?" हा प्रश्न अशा मुलास विचारणे व्यर्थ आहे, ज्याने जिलबी कधी चाखली नाही त्यास जिलबी आवडते का, हे कसे सांगता येणार? त्यापेक्षा त्यास काय माहीत आहे ते पाहावे. ज्या विषयात मुलगा आपल्याहून शहाणा आहे त्या विषयाचे पुस्तक त्यास द्यावे. हे माझे एकमेव सूत्र आहे, आणि त्याने सहसा दगा दिलेला नाही.

आमच्या गावाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आणि अंबाबरवा अभयारण्य. डोंगराच्या कडेने शेरडे राखणारा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसतो. पण मोहाची फुले गळू लागली की अस्वल कोणत्या वेळी खाली उतरते, हे तोच सांगू शकतो. असा एक विद्यार्थी मला म्हणाला होता, "गुर्जी, मले वाचाले आवडत नाई." त्यास मारुती चितमपल्ली यांचे 'रानवाटा' दाखविले. "यात वाघ हाये काय?" एवढेच त्याने विचारले. आहे म्हटल्यावर पुस्तक नेले. आठ दिवसांनी परत आला तो पुस्तकातील एका पक्ष्याविषयी वाद घालावयास! त्याच्या आज्याने सांगितलेली त्या पक्ष्याची रीत आणि पुस्तकातील वर्णन जुळत नव्हते. पुस्तकाशी भांडणारा वाचक मिळणे यापरते शिक्षकाचे भाग्य कोणते? चितमपल्ली हे जन्माने सोलापूरचे, २०२५ सालच्या जून महिन्यात निवर्तले. वनाधिकारी म्हणून त्यांचे आयुष्य विदर्भातील अरण्यांत गेले, आमच्या शेजारच्या मेळघाटातही त्यांनी काम केले, आणि रानात राहणाऱ्या लोकांच्या तोंडची पशुपक्ष्यांची नावे त्यांनी मोठ्या आदराने टिपून घेतली. म्हणूनच गुराख्याच्या मुलास त्यांच्या लेखनात आपल्या घरची माणसे भेटल्यासारखे वाटते. ह्याच जातीचे दुसरे पुस्तक विलास मनोहर यांचे 'नेगल'. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे माणसांसोबत वाढलेल्या बिबळ्याची व इतर वन्य प्राण्यांची ती हकीगत आहे. भाषा सरळ, आणि प्रत्येक पानावर काहीतरी घडते.

ज्याचे घर कापसावर चालते त्या मुलासाठी माझी निवड ठरलेली आहे. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत आहेत. चरित्र देऊ नये असे मी आरंभी सुचविले आणि आता चरित्रच सुचवितो, यात विसंगती भासेल. पण हे चरित्र निराळे आहे. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेले एक पोर. त्यास आईसह चोर पळवितात, आई पुन्हा कधी दिसत नाही, आणि पोर परत मिळते ते एका घोड्याच्या बदल्यात! अशा आरंभावर पुस्तक मिटणारा मुलगा मला अद्याप भेटावयाचा आहे. पुढे हाच जॉर्ज कार्व्हर १८९६ साली अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथील संस्थेत शेतीशास्त्राचा शिक्षक होतो. तेथील जमीन वर्षानुवर्षे कापूस आणि फक्त कापूस घेऊन निःसत्त्व झालेली. त्यातच विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या बोंडावर एक सोंडकिडा पडतो आणि शेतकरी हवालदिल होतो. कार्व्हर सांगतो, कापसाला पालट द्या, चवळी पेरा, भुईमूग पेरा, रताळी लावा. आणि भुईमूग पिकल्यावर त्याचे करावयाचे काय म्हणून शेंगदाण्यापासून नानाविध पदार्थ तयार करून दाखवितो. गरीब शेतकऱ्यांना संस्थेपर्यंत येणे जमत नाही म्हणून १९०६ साली शाळाच घोड्याच्या गाडीवर चढवून त्यांच्या बांधावर नेतो.

आता हे सर्व आमच्या काळ्या जमिनीवरील मुलास समजावून सांगण्याची गरज उरते काय? गुलाबी बोंडअळीने घरचा कापूस कसा गेला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. सात समुद्रांपलीकडच्या माणसाचे दुःख तो आपल्या शेतावरून ओळखतो. हे पुस्तक घरी नेले की ते एकट्या मुलाचे राहत नाही, हाही माझा अनुभव आहे. रात्री जेवणानंतर मुलगा मोठ्याने वाचीत आहे, आई सरकी निवडता निवडता ऐकत आहे, आणि बाप मध्येच, "थांब, ते भुईमुगाचं पुन्हा वाच," म्हणतो आहे, असे मी एकाहून अधिक घरांतून पाहिले आहे.

सर्वच मुलांना शेत आणि रान नको असते. काहींना नुसता थरार हवा असतो, आणि तो द्यावा. आमच्या पेशातील पुष्कळ मंडळी रहस्यकथांच्या नावाने नाके मुरडतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी एके काळी थोर माणसेही जागत. पण त्या शाळेच्या ग्रंथालयात असू नयेत असा अलिखित दंडक होता. मला हा दंडक कधीच पटला नाही. पान उलटण्याची घाई ज्याने एकदा अनुभवली तो पुढे चांगले पुस्तकही उलटून पाहील. ज्याने ती अनुभवलीच नाही त्यास उत्तम पुस्तकाचे ओझेच वाटणार. शिवाय भा. रा. भागवतांसारखे लेखक असताना थरार आणि सुसंस्कृतपणा यांत वैर मानण्याचे कारण नाही. त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, हा हडकुळा, सायकलवर हुंदडणारा, 'ट्टॉक' असा आवाज काढणारा मुलगा पुण्यापासून काश्मीरपर्यंत संकटात उड्या घेतो. ती पुस्तके लहान आहेत. न वाचणाऱ्याच्या बाबतीत पुस्तकाची जाडी हा केवढा मोठा गुणदोष असतो हे विद्वान लोक विसरतात! दोन बैठकांत संपलेले पुस्तक मुलास "मी एक पुस्तक वाचले" असे म्हणण्याचा अधिकार देते. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या चातुर्यकथाही अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मला विशेष उपयोगी वाटतो. तो मुळी आकाशवाणीवरून बोलला गेला व मागाहून छापला गेला, म्हणून त्याची वाक्ये कानास ओळखीची लागतात.

शास्त्राची आवड असलेल्या मुलास जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'तील कथा द्याव्यात. आणि पुस्तक देण्यापूर्वी ही हकीगत सांगावी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी आपली पहिली कथा धाडली, ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. एवढा मोठा ज्योतिर्विद असा खोडकरपणा करतो हे ऐकले की मुलांची भीड चेपते.

मुलींविषयी निराळे बोलावे लागते याचा मला खेद आहे. पण मुलीच्या हातात पुस्तक दिसले की घरात तिला हमखास काम सुचविले जाते, हे सत्य आहे. तिला तुटक वेळात वाचता येईल असे पुस्तक हवे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. कोठेही उघडावे, दोन पाने वाचावीत, मनसोक्त हसावे आणि चुलीकडे जावे. लहानपणी लग्न झालेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई इतके अस्सल मराठी लिहिते की पंडितांनी हेवा करावा. त्याहून थोडके वाचावयाचे असेल तर मुक्ता साळवे हिचा निबंध आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या, अवघ्या चौदा वर्षे वयाच्या ह्या मुलीने आपल्या समाजावर होणाऱ्या जुलुमाविषयी लिहिले आणि ते १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले. चार पानांचा मजकूर, पण नववीतील मुलगी तो वाचून वयाचा आकडा पुन्हा पाहते. आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा १८८२ सालचा निबंधही तिला दाखवावा. त्याची भाषा तिला आज जड जाईल. पण असे पुस्तक आपल्या जिल्ह्यातील बाईने लिहिले, एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ.

दोन पुस्तकांविषयी वडीलधाऱ्यांचे आणि माझे पटत नाही. एक 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मलाही प्रिय आहे. परंतु चौदा वर्षांच्या फटकळ मुलास ते "बघ, मुलाने कसे असावे," असे म्हणून दिले जाते, आणि तेथेच पुस्तकाचा घात होतो. ते लहानपणी आईच्या मांडीवर ऐकावे किंवा पुढे थोरपणी एकट्याने वाचावे. दुसरे, मिलिंद बोकील यांची 'शाळा'. २००४ सालची ही कादंबरी आणीबाणीच्या दिवसांतील नववीच्या मुलांची आहे. तीत वर्गातील मुलीविषयी वाटणारी ओढ आहे, मुलांच्या तोंडचे अर्वाच्य शब्द आहेत. म्हणून ती दडवून ठेवण्याकडे कल असतो. ज्या भावनेने मुलगा रात्री जागा असतो तिच्याविषयी सभ्यपणे बोलणारे पुस्तक आपण दडविले, तर तो ती माहिती मोबाईलवरून घेईल, आणि तेथे सभ्यपणाची हमी नाही. दहावीच्या मुलास आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) द्यावी. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या कागलच्या पोराची ती स्वतःची कहाणी आहे. जाडी पुष्कळ, पण तोवर त्याचे पाय वळलेले असतात.

पुस्तक कोणते याइतकेच ते दिले कसे यास महत्त्व आहे. मी पुस्तकाची आठ-दहा पाने वर्गात मोठ्याने वाचीत असे आणि नेमके बिबळ्या झेप घेणार तेथे मिटून टेबलावर ठेवीत असे. पुढे काय झाले, म्हणून मुले ओरडत. "पुस्तक येथेच आहे," एवढे म्हणून बाहेर जावे. दुसरे पथ्य हे की वाचून झाल्यावर सारांश लिहून मागू नये, तात्पर्य विचारू नये. दानिएल पेनाक नावाच्या एका फ्रेंच शिक्षकाने १९९२ साली पुस्तक लिहून वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत पहिलाच हक्क न वाचण्याचा! पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क त्याने मानला आहे. मोठ्याने वाचून दाखवावे आणि बदल्यात काही मागू नये, असे त्याचे म्हणणे. पॅरिस आणि सोनाळा यांत अंतर मोठे. पण शेवटच्या बाकावरचा मुलगा दोन्हीकडे एकच दिसतो.

कपाटाविषयी बोलल्यावाचून मात्र राहवत नाही. कित्येक शाळांतून पुस्तके आहेत, नोंदवही आहे, आणि कुलूपही आहे. पुस्तक फाटले वा हरवले तर भरपाई शिक्षकाच्या माथी येईल या धास्तीने किल्ली खिशातून निघत नाही. डॉ. रंगनाथन हे आधी गणिताचे शिक्षक, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांत ग्रंथ हे वापरासाठीच असतात हा पहिला. नियम पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या आणि कुलूप तसेच ठेवले. फाटलेले पुस्तक डिंक लावून चिकटविता येते.

मोबाईलास मात्र मी शत्रू समजत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतात. ज्या घरी पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही पण मोबाईल आहे, अशी घरे आज पुष्कळ आहेत. तेथे हे अंक एकदा उघडून दाखवावेत.

कोणास आपल्या गावी आरंभ करावयाचा असेल, तर शंभर पुस्तकांची वाट पाहू नये. वर सांगितलेल्यांपैकी दहा पुरेत, आणि त्यांपैकी कार्व्हरच्या दोन प्रती घ्याव्यात, कारण एक नेहमी कोणाच्या तरी घरी असते. पुस्तके कपाटात उभी न लावता मुलांच्या नजरेच्या उंचीवर दोरी बांधून तिच्यावर उघडी टांगावीत. आणि ती मळू नयेत म्हणून त्यांना खाकी कागदाची वेष्टने घालण्याची आमची जुनी सवय आहे, तेवढी सोडावी. 'नेगल'च्या मुखपृष्ठावरील बिबळ्या मुलास दारातूनच दिसला पाहिजे.